रोपं, सरबत आणि स्केट्स

थंडी सरून खिडक्या उघडल्या, की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास होतात. धाकटी दुपारची झोपेनाशी होते आणि थोरलीचा पाय घरात ठरत नाही. थोरली आठ वर्षांची. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून तिला सगळे साळुंकी म्हणतात.

यंदा तिच्या डोक्यात स्केट्स शिरले होते. कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान आहे. त्यांच्या काचेआड जुनेच, पण घासूनपुसून लख्ख केलेले स्केट्स टांगले होते, बुटांवरून पट्ट्याने बांधायचे. किंमत चाळीस.

"रविवार संध्याकाळपर्यंत ठेवतो," काका म्हणाले. "सोमवारी एक बाई न्यायला येणार आहेत."

"आई, तू पैसे द्यायचे नाहीत हं," साळुंकीने मला बजावलं. "मी रोपं विकणार."

रोपं होतीच. गेला महिना-दीड महिना आमच्या खिडक्यांत कागदी पेल्यांची रांग लागली होती, पडदा ओढायचीही सोय उरली नव्हती. रविवारी सकाळी अंगणात दोन बादल्यांवर फळी टाकून दुकान लागलं. धाकटीला कडेवर घेऊन मी बघायला गेले आणि किमतीच्या चिठ्ठ्या वाचून चाटच पडले. टोमॅटोची गुटगुटीत, हिरवीगार रोपं, किंमत प्रत्येकी एक. आणि मान टाकलेलं, काडीला दोऱ्याने बांधलेलं मरतुकडं सूर्यफूल पंधराला!

"अगं, उलटं झालं का हे?"

"उलटं कसं? टोमॅटो आपले आपण वाढले. ह्याचं मी किती केलं! चमच्याने पाणी पाजलं. गारठा पडला तेव्हा उशाशी घेऊन झोपले. मोडलं तेव्हा रडलेसुद्धा. त्याचे पैसे नकोत?"

दोन लेकरांची आई मी, या हिशेबाला कुठल्या तोंडाने चूक म्हणू?

समोर जिन्यापाशी वरच्या मजल्यावरची शिट्टी लिंबाचं सरबत घेऊन बसली होती. पुढचे दोन दात पडल्यामुळे बोलताना तिच्या तोंडून शीळ वाजते, म्हणून ती शिट्टी. तिलाही तेच स्केट्स हवे होते, त्यामुळे आठवडाभर दोघींमधून विस्तव जात नव्हता.

"स्वतःचं सरबत स्वतःच पितेय बघा!" साळुंकी आकाशाकडे बघून म्हणाली.

"चव बघतेय," शिट्टीने जिन्याला सांगितलं. "काही जणींचा माल तर कुणी फुकटसुद्धा चाखणार नाही."

तेवढ्यात शेजारचे घड्याळवाले आजोबा आले. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, चष्मा वर केला आणि पटापट सहा टोमॅटो उचलले.

"साळुंके, दुकान मांडलंयस की लुटवायला बसलीस? बाजारात याचे चार-चार घेतात."

"मग हे घ्या ना," तिने सूर्यफूल पुढे केलं.

"याचे पंधरा? का बरं?"

तिने सगळी कहाणी ऐकवली, रडण्यासकट. आजोबांनी मन लावून ऐकली.

"हे बघ, कधी कधी एखाद्या घड्याळापायी मी आठवडा घालवतो. गिऱ्हाईक येतं आणि एकच विचारतं, वेळ बरोबर दाखवतं ना? माझी पाठ किती दुखली, ते कुणी विचारत नाही."

"हे बरोबर नाही," साळुंकी म्हणाली.

"नाहीच मुळी. पण गिऱ्हाईक तसंच असतं."

ती जराशी फुरंगटली. मग सूर्यफुलाची चिठ्ठी फाडून तिने ते फळीखाली ठेवलं. "हे विकायचंच नाही." उरलेल्या टोमॅटोंच्या चिठ्ठ्यांवर चार लिहिलं. आजोबांनी मात्र सहांचे सहाच दिले. ठरलेला भाव तो ठरलेला भाव, म्हणाले. मला त्यांचा थोडा रागच आला.

दुपार कलेपर्यंत फळी रिकामी झाली. साळुंकीजवळ बावीस जमले. शिट्टीचं सरबत संपलं होतं, निम्मं तिच्याच पोटात, आणि तिच्याकडे होते एकोणीस. दोघी दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या, मधे हातभर अंतर ठेवून. आत काका झाडलोट करून आवराआवर करत होते.

माझा हात नकळत पर्सकडे गेला.

"आई, नको ना," साळुंकीच्या डोळ्यांत पाणी होतं. "मग ते तुझे होतील."

मी हात मागे घेतला. सामानाच्या पिशव्यांनीही तो कधी इतका जड झाला नव्हता.

काकांनी दिवा मालवला. तेव्हा शिट्टीने पहिल्यांदा साळुंकीकडे पाहिलं. "तुझे किती?"

"तुला काय करायचंय?"

"सांग ना, साळुंके."

"बावीस."

शिट्टीने बोटांवर मोजून पाहिलं, पुन्हा मोजून पाहिलं आणि ती दाराला धडकलीच. "काका, थांबा! आमचे एकेचाळीस आहेत!"

दिवा पुन्हा लागला. काकांनी चाळीस मोजून खिशात टाकले, स्क्रू पिळायची चावी काढली आणि स्टुलावर बसले. "हे लहानमोठे करता येतात. बोला, कुणाच्या मापाचे करू?"

मला वाटलं, आता जुंपणार. पण साळुंकीने उजवा पाय पुढे केला आणि त्याच वेळी शिट्टीने डावा.

काका दोन्ही पायांकडे बघत राहिले. "अगं, ही जोडी आहे!"

"हो ना," साळुंकी म्हणाली. "एक तिच्या घरी राहील, एक माझ्या. म्हणजे कुणी एकटीने पळवायला नको. आणि उरलेल्या एकाचं चाकांना तेल घाला."

काकांनी एक स्केट लहान केला, एक मोठा. तेलाचे पैसे घेतले नाहीत, तेव्हा साळुंकीने नाणं त्यांच्या स्टुलावर ठेवलंच.

अंगणात परत आलो, तर ऊन अजून भिंतीवर रेंगाळत होतं. दोघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या, बाहेरच्या पायात चाकं, आतल्या पायाने रेटा. पहिल्या फेरीत सपशेल आपटल्या. दुसऱ्या फेरीत झाडापर्यंत पोचल्या. धाकटी माझ्या कडेवर टाळ्या पिटत होती.

"जेवायला या गं!" मी हाक मारली.

"एवढ्यात नको," दोघी ओरडल्या, "वळायचं कसं ते अजून ठरलेलं नाही!"