पाण्याला दिवस गेले

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाया जिन्यापर्यंत उभ्या होत्या. मखमली खुर्चीत बसलेल्या आईसाहेबांनी गरोदरपणाच्या तपासणीची पट्टी उंच धरली. पट्टीवर दोन गुलाबी रेघा होत्या. हॉलभर हुंदके फुटले.

"डॉक्टर काय करतात? मोजतात," आईसाहेब म्हणाल्या. "आज एवढं, उद्या तेवढं. अगं, मूल म्हणजे काय पडद्याचं कापड आहे? ते मोजतात, मी देते."

ती पट्टी धाकटीची होती. ती आईसाहेबांच्या शेजारी उभी होती, पोटावर हात ठेवून, आणि रडत रडत हसत होती. मागे, दाराला टेकून उभी असलेली तिची थोरली बहीण मात्र हसू शकत नव्हती. थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेत आणि घरात सगळे तिला ताईच म्हणत.

धाकटीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. अंडं तयार व्हावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला गोळ्या सुरू केल्या होत्या. मग एक दिवसाआड सोनोग्राफी. दर वेळी ताई सोबत जायची. पडद्यावर एक काळा गोल दिसायचा. तो पुरेसा वाढला की अंडं बाहेर पडण्याचं इंजेक्शन, आणि मग वाट पाहणं. प्रत्येक वेळी काळा गोल छान वाढायचा आणि प्रत्येक वेळी पाळी यायची. शेवटच्या वेळी धाकटी दवाखान्याच्या पायरीवरच बसली. "ताई, मला आता तो पडदा बघवत नाही," म्हणाली.

अशा वेळी कोणीतरी आईसाहेबांचं नाव सांगितलं. दर आठवड्याला कमरेत 'कृपेची टोचणी', रोज रात्री एक पुडी आणि एकच पथ्य: सोनोग्राफी करायची नाही. "गर्भ लाजाळू असतो. यंत्राची नजर लागली की विरघळतो," असं त्या सांगत. पाळी थांबली, पोट फुगलं, पट्टीवर रेघा उमटल्या. सासूबाईंनी सुनेला जड भांडं उचलू देणं बंद केलं. नवरा कामावरून थेट घरी यायला लागला.

त्यानंतर एकदा धाकटीला ताप आला, हॉलवर जाता येईना, म्हणून आईसाहेबांच्या माणसाने टोचणीची बाटलीच घरी आणून दिली. लेबल खरवडून काढलेलं होतं. फ्रिजमध्ये ती इवलीशी बाटली, आतली पांढरी भुकटी आणि शेजारी पाण्याची काचेची कुपी पाहून ताईने बाटली उचलून उजेडात धरली. ही जोडी तिने दवाखान्यात कितीदा पाहिली होती.

ताई बाटली आणि कुपी घेऊन तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"लेबल नाही, तेव्हा खात्रीने नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "पण हे अंडं बाहेर पडण्याचंच इंजेक्शन दिसतंय. गरोदर बाईच्या शरीरात जे द्रव्य तयार होतं, तेच यात असतं. पट्टीला बाळ कळत नाही हो, तिला फक्त ते द्रव्य कळतं. आणि पाळी लांबवणाऱ्या गोळ्या मिळतातच. त्या कुटल्या की झाली पुडी. त्यांनी पोटही फुगतं. तुम्ही एक करा. भुकटी कुपीतल्या पाण्यात विरघळवा, त्यातला एक थेंब तांब्याभर पाण्यात टाका आणि त्यात पट्टी बुडवा."

त्या संध्याकाळी धाकटीच्या स्वयंपाकघरात ताईने तेच केलं. आधी साध्या पाण्यात एक पट्टी बुडवली. एकच रेघ आली. मग थेंब टाकलेल्या पाण्यात दुसरी. दोन रेघा उमटल्या, अगदी ठसठशीत.

"पाण्याला दिवस गेले," ताई म्हणाली. वर्गात मुलं हसावीत म्हणून ती असंच बोलायची. बोलल्याक्षणी तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं.

धाकटीने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. "तुला नकोच होतं मला मूल व्हायला," ती म्हणाली. "दार लावून घे जाताना."

ताई घरी गेली. जेवली नाही. खोटं उघडं पाडल्याचा आनंद होतो म्हणतात. तिला तर आपण एखाद्याच्या घराला आग लावून आलो, असं वाटत होतं.

दोन दिवसांनी धाकटीचाच फोन आला. "चल," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पडदा आपल्याकडे वळवून ठेवला होता. "इकडे करा," धाकटी म्हणाली. इतक्या सोनोग्राफ्यांनंतर तिला तो पडदा वाचता यायचा. तिने नीट पाहिलं आणि कोणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "रिकामं आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "आत कधीच काही नव्हतं. तुझ्या हातून काही गेलेलं नाही, हे लक्षात ठेव."

पुढच्या बैठकीला धाकटी उरलेलं औषध आणि पट्ट्या घेऊन हॉलवर गेली. ताई सोबत होती, पण बोलली धाकटीच. सगळ्यांदेखत तिने आईसाहेबांच्याच तांब्यातलं पाणी दोन पेल्यांत ओतलं. एकात थेंब टाकला, दुसऱ्यात नाही. मग पट्ट्या बुडवल्या. थेंबाच्या पेल्यात दोन रेघा आल्या, दुसऱ्यात एकच.

आईसाहेब हसल्या. "पाण्यातही जीव असतो, बाळ."

"मग या दुसऱ्या पेल्यातल्या पाण्याने काय पाप केलं?" धाकटीने विचारलं. कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. "माझ्या पट्टीकडे बघून तुमच्यातल्या कितीजणी इथे आल्यात. म्हणून मीच सांगायला आले. माझ्या पोटात काही नव्हतं. सोनोग्राफीने बाळ विरघळत नाही. जे खरं आहे ते बघितल्याने जात नाही. बघू नका असं जो सांगतो, त्याला आधी विचारा, का बघू नको. डॉक्टरांनाही विचारा. ते कधी कधी 'माहीत नाही' म्हणतात. मला त्याचाच राग यायचा."

काही बाया उठल्या आणि तडक सोनोग्राफीला गेल्या. काही जागच्या हलल्या नाहीत. एका म्हातारीने सुनेचा हात घट्ट धरला आणि तोंड फिरवलं. आठवड्याभरात हॉलला कुलूप लागलं. मखमली खुर्ची कुठे गेली, कोणालाच कळलं नाही.

त्या दिवशी हॉलवरून दोघी बहिणी सोबतच परतल्या. कोपऱ्यावर धाकटी थांबली.

"ताई, मी रोज त्याच्याशी बोलायचे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. मग मी कोणाशी बोलत होते गं?"

वर्गातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणाऱ्या ताईने बहिणीला जवळ घेतलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली.