गाळलेल्या अकराजणी

मी एक जुनी तिरकी फळी आहे, मित्रांनो. माझी डोक्याकडची बाजू वर उचललेली आहे, अंगावर करड्या रेक्झिनचे अस्तर आहे आणि वरच्या कोपऱ्यात हात टेकवायला एक लाकडी खोबण आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायका माझ्यावर पाच-सहा मिनिटे उताण्या पडत, किरणांचे उपचार घेत आणि उठून जात. अशा किती आल्या याची मोजदाद मला ठेवता आली नाही. पण त्यांतल्या अकराजणींविषयी मला सांगायचे आहे. ते आठवले की आजही मला शिसारी येते. त्या बायकांची नव्हे. कोणाची, ते पुढे कळेलच.

माझा जन्म रुग्णालयाच्या मागे, मोडक्या खाटा दुरुस्त करायच्या शेडमध्ये झाला. डॉक्टरबाई तेव्हा किरणोपचार विभागात नव्या होत्या. पुठ्ठ्यावर काढलेली आकृती घेऊन त्या सुतारकाकांकडे आल्या.

"बाई, ही घसरगुंडी आहे का?" काकांनी चष्मा कपाळावर चढवत विचारले.

"घसरगुंडीच. पण जिच्यावरून कोणी घसरणार नाही अशी हवी."

तोपर्यंत बायकांच्या पाठीखाली उशा देत असत. आज उशी जाड, तर उद्या पातळ. बाई रोज निराळ्या कोनात पडे आणि किरण कधी बोटभर खाली फुप्फुसात जात, कधी बोटभर वर. काकांनी मला तासले, जोडले आणि जमिनीवर ठेवले. डॉक्टरबाई सरळ माझ्यावर आडव्या झाल्या, हात डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "काका, खांदा अवघडतोय. खोबण दोन बोटं खाली घ्या." असे त्यांनी तीनदा केले. मला तेव्हाच त्या आवडल्या.

पण खोटे कशाला बोलू? पहिल्या काही महिन्यांत मला माझ्याच कामाची किळस आली. किरण दिसत नाहीत आणि लागताना दुखतही नाहीत. शस्त्रक्रियेनंतर आत राहून गेलेल्या रोगाच्या पेशी ते मारतात. मात्र वाटेतली कातडीही भाजते. ती लाल होते आणि काखेत किंवा स्तनाखालच्या घडीत सोलवटते. तिथून पाणी झिरपते. ते पाणी माझ्या अस्तराला चिकटे. बाई उठली की चर्र असा आवाज होई. वास येई.

एकदा एक बाई उठली आणि अस्तरावरचा डाग पाहून मेल्याहून मेल्यासारखी झाली. "घाण झाली हो माझ्यामुळे," ती पुटपुटली. डॉक्टरबाईंनी कोमट पाण्याचे फडके घेतले आणि स्वतः मला पुसले. "घाण नाही ही. भाजलं की पाणी सुटतंच. माझ्या हातावर चहा सांडला तर माझ्याही हाताला सुटेल."

त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. त्यानंतर मला कोणत्याही जखमेची किळस आली नाही.

विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. ते फेरीला आले की दाराशीच थांबत आणि अत्तराचा रुमाल नाकाला लावून तिथूनच "हं, पुढची" म्हणत. एवढ्या वर्षांत ते माझ्यापाशी येऊन कोणावर वाकलेले मी पाहिले नाहीत.

तेव्हा उपचार पाच आठवडे चालत. दूरच्या बायकांना तेवढे दिवस राहणे जमत नसे. कोणाची लेकरे लहान, कोणाची नोकरी जायची भीती. कितीतरी जणी तिसऱ्या आठवड्यानंतर येईनाशा होत आणि उपचार अर्धवट राही. डॉक्टरबाईंच्या मनाने घेतले की रोज थोडे जास्त किरण दिले, तर तीन आठवड्यांत तेच काम होईल का, ते तपासायचे. त्यांनी चारशे बायकांना नीट समजावले, त्यांची संमती घेतली आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. अर्ध्या बायकांना पाच आठवडे, अर्ध्यांना तीन. मग दर वर्षी प्रत्येकीला बोलावून तपासले.

चार वर्षांनी उत्तर मिळाले. तीन आठवडेवाल्यांमध्ये रोग परत येण्याचे प्रमाण जास्त नव्हते. पण त्यांच्यातल्या अकराजणी फार भाजल्या होत्या. त्यांच्या स्तनाचे मांस माझ्या लाकडासारखे टणक झाले होते. कपड्यांना इस्त्री करून पोट भरणाऱ्या एका मावशींची घडीतली जखम तर अजून पुरती भरली नव्हती.

मावशींची तपासणी झाली आणि त्या कपडे घालायला पडद्याआड गेल्या, तेवढ्यात मोठे सर आले. त्यांना मोठ्या परिषदेत हा अभ्यास स्वतःच्या नावाने वाचायचा होता.

"त्या अकराजणी गाळून टाका," ते म्हणाले.

"का, सर?"

"अहो, या बायका अंघोळ तरी करतात का? स्वतःच्या घाणीनं जखमा चिघळवल्यात. त्याचं खापर आपल्या अभ्यासावर का? 'अस्वच्छतेमुळे वगळल्या', एवढी ओळ लिहा आणि सही करा."

पडद्याखाली मला मावशींची पावले दिसत होती. ती जागच्या जागी थिजली. हा शेरा सरांनी पहिल्याच वर्षी त्यांच्या कागदावर मारला होता, आणि परिचारिकेने तो त्यांच्या सुनेला वाचूनही दाखवला होता. आता तो त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

"मी सही करणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तुमच्या सहीवाचून काही अडत नाही," सर म्हणाले आणि हात स्पिरिटने पुसत निघून गेले. कशालाही हात न लावता त्यांनी हात पुसले, मित्रांनो! मला ओकारी काढता येत असती, तर मी तेव्हाच काढली असती.

सरांनी अकराजणींना गाळून परिषदेत निबंध वाचला. टाळ्या पडल्या. त्यांचा फोटो बाहेरच्या भिंतीवर लागला.

इकडे डॉक्टरबाईंनी अकराजणींचे कागद माझ्यावर ओळीने मांडले आणि दुपारच्या सुट्टीत त्यांवर मान मोडून बसू लागल्या. अकराही जणी अंगाने भरलेल्या होत्या. किरणांचा हिशेब मात्र सगळ्यांचा एकाच मधल्या रेषेवर माप घेऊन केलेला. मग त्यांनी मेणाची तशाच भरल्या अंगाची आकृती करून माझ्यावर ठेवली आणि ठिकठिकाणी किरण मोजले. मध्यभागी बरोबर होते. खालच्या घडीत पाचव्या हिश्शाने जास्त! रोजचा डोसच मोठा, त्यामुळे ती जागा करपून निघाली होती. किरणांच्या वाटेत धातूची एक पाचर ठेवली की फरक मिटत होता. तेवढाच उपाय होता. डॉक्टरबाईंनीही अकराजणींना गाळले असते, तर तो कधीच सापडला नसता.

डॉक्टरबाईंनी हे सगळे निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला कळवले. आठवड्याभरात त्यांची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तिथे त्या दीड वर्ष होत्या. पाचर सांगून गेल्या होत्या, पण सरांनी ती बसवू दिली नाही. बसवली असती, तर चूक कबूल केल्यासारखे झाले असते ना! त्या दीड वर्षात तीन आठवड्यांचे उपचार घेताना माझ्यावर आणखी सातजणी भाजल्या. मी त्यांच्या पाठीखाली होते आणि काहीही करू शकत नव्हते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत किळसवाणा काळ. सरांच्या अत्तराचा वास आला तरी मला शिसारी येई.

अखेर चौकशी झाली. सरांचा निबंध मागे घेतला गेला. अकराजणींसह खरा अभ्यास डॉक्टरबाईंच्या नावाने छापला गेला आणि पाचर बसली. पुढे कितीतरी बायका तीन आठवड्यांत बऱ्या होऊन घरी गेल्या. सरांचे काय झाले म्हणता? ते मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात "विज्ञानात स्वच्छ हात महत्त्वाचे" असेही म्हणाले. बाहेरच्या कर्ण्यातून मी ते ऐकले.

मग डॉक्टरबाईंनी त्या अकराजणींना पत्रे पाठवली. दहाजणी आल्या. अकरावी वारली होती. तिचा मुलगा आला. इस्त्रीवाल्या मावशी माझ्या काठावर टेकून बसल्या.

"मावशी, तुमची जखम अस्वच्छतेनं झाली नव्हती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "किरणांचं माप आमचं चुकलं होतं."

मावशी म्हणाल्या, "सहा वर्षं झाली. सून माझं ताट वेगळं ठेवते. नातू जवळ आला की ओढून नेते, आजीला वास येतो म्हणते. मी दिवसातून तीनदा साबण लावून घासते, बाई. रक्त येईस्तोवर. आणि तुम्ही आज सांगताय?"

"मी पहिल्याच वर्षी शोधायला हवं होतं," डॉक्टरबाई खाली पाहत म्हणाल्या. "तेव्हा मीही तो शेरा वाचला आणि पान उलटलं."

मला हे ठाऊक नव्हते. तेव्हा मला डॉक्टरबाईंचाही क्षणभर वीट आला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

"तोंडी सांगून घरात कोण ऐकणार?" मावशी म्हणाल्या. "लिहून द्या."

डॉक्टरबाईंनी माझ्यावरच कागद ठेवून लिहिले. मावशींनी तो एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचला. ही जखम उपचारामुळे झाली. तिची कोणाला लागण होत नाही. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे.

"'खेद आहे' काढा," मावशी म्हणाल्या. "'आमची चूक झाली' असं लिहा."

डॉक्टरबाईंनी नवा कागद घेतला. पुन्हा सगळे लिहिले, सही केली, शिक्का मारला. मावशींनी कागदाला नखाने चुणी पाडत नीट घडी घातली, ती पिशवीत ठेवली आणि 'येते' असेही न म्हणता त्या निघून गेल्या. बाकीच्यांनाही डॉक्टरबाईंनी तसेच कागद दिले. मेलेल्या बाईच्या मुलालाही दिला.

मित्रांनो, आता माझ्या जागी हलकी, काळी, नवी फळी आली आहे आणि मी सामानाच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. मला पुसायला या, अशी माझी विनंती नाही. विनंती वेगळीच आहे. कोणाच्या अंगाला वास आला, तर नाक धरण्याआधी हे कशाने झाले एवढे विचारा. उत्तर तुमच्याकडेच बोट दाखवू लागले, तर पान उलटू नका. कागद घ्या आणि 'माझी चूक झाली' असे लिहा. मोठ्या सरांना पुष्कळ लिहिता येत होते. एवढे तीन शब्द मात्र त्यांना शेवटपर्यंत लिहिता आले नाहीत.