शंकररावांची अन्य भाषा

अंबरनाथच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत शंकररावांशी शास्त्रावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती. कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, मंडळीचा पंच, आणि अध्याय-वचन विचारायचा अवकाश की उत्तर तयार. त्यांचं एक मत तर पोराटोरांनाही पाठ झालं होतं. आत्म्यानं भरून न शिकलेली अन्य भाषा बोलणं, देवाचा संदेश देणं, हात ठेवून बरं करणं ही दानं प्रेषितांच्या काळाबरोबर संपली. "घर बांधून झालं की परांची उतरवतात," ते म्हणत. "शास्त्र पुरं झालं. आता परांचीवर चढून नाचायचं कशाला?"

आणि नेमकं सत्त्याऐंशी साली उल्हासनगरात ब्रदर भगवंत आले. एका सिंधी शेटच्या गोडाऊनवरचा हॉल भाड्यानं घेतला, ढोलकी आणली, दर गुरुवारी संध्याकाळी सभा. झालं! मंडळीतली निम्मी माणसं तिकडे पळाली. तिथे कुणावर पवित्र आत्मा उतरला की तो अन्य भाषेत बोले, आणि पालेगावची बनूबाई उभी राहून त्याचा अर्थ सांगे. बनूबाई विधवा, शाळेची पायरी न चढलेली, पण अर्थ सांगायला लागली की हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज.

बाकीचे गेले त्याचं शंकररावांना फार वाटलं नसतं. पण त्यांची सून करुणा जायला लागली. तिचं पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी पोटातच गेलं होतं. आता पुन्हा आठवा सरत आलेला, आणि डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की मूल आडवं आहे, फिरलं नाही तर सिझर करावं लागेल. उल्हासनगरच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. पोरगी धास्तावली होती. तिला बनूबाईच्या सभेत आधार वाटायचा, सासऱ्याच्या अध्याय-वचनात वाटत नव्हता. मुलगा सुदाम म्हणजे बायको म्हणेल ती पूर्व.

शंकररावांनी ठरवलं, हे ढोंग एकदा चव्हाट्यावर आणायचंच. त्यांचं बालपण सोलापूरचं, शेजार तेलुगू विणकरांचा. मागावरच्या बॉबिना तेलुगूत मोजायला ते लहानपणीच शिकले होते. त्या हॉलमध्ये तेलुगू कळणारं कुणी नव्हतं. आपण उभं राहून बॉबिना मोजायच्या, बनूबाई त्याचा काहीतरी अर्थ सांगणार, मग आपण खरं काय ते जाहीर करायचं. साधा सरळ डाव. बायको कौसाबाई सोलापूरच्या त्यांच्याच गल्लीतली, तिला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. तिनं अडवलं असतं, आणि अडवलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी ते करुणाबरोबर सभेला गेले. कौसाबाई घरीच राहिली. गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि शंकररावांनी दोन्ही हात वर करून सुरुवात केली. "ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु..." पन्नासपर्यंत मोजलं, आवाज चढवला, डोळे मिटून अंग थरथरवलंही. सगळा हॉल थक्क. शंकरराव! ज्यांनी आयुष्यभर नाही म्हटलं, ते शंकरराव!

बनूबाई उठली. पदर डोक्यावर घेतला. ती नेहमी भरभर बोलायची, त्या दिवशी सावकाश बोलली.

"प्रभू म्हणतो, हे लेकरू माझं हाय. मी त्याला आईच्या पोटात विणलं. त्याला लोखंड लावू नका. जो लोखंड लावील, त्याच्या हातून मी लेकरू मागून घेईन."

लोखंड म्हणजे डॉक्टरीणबाईंची सुरी, हे शंकररावांना लगेच कळलं. त्यांनी करुणाकडे पाहिलं. ती दोन्ही हात पोटावर ठेवून रडत होती, पण चेहरा इतका निवांत की गेल्या दोन वर्षांत त्यांनी तो तसा पाहिला नव्हता.

"खोटं आहे!" ते ओरडले. "मी बॉबिना मोजत होतो! तेलुगूत! एक, दोन, तीन, चार! कसला आत्मा आणि कसला अर्थ!"

ब्रदर भगवंत पुढे आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं बोलले. "शंकरराव, प्रभूला मारायला टपलेल्या मुख्य याजकाच्या तोंडूनही देवानं वदवलं होतं. त्याला कुठे ठाऊक होतं आपण काय बोलतोय ते? आणि शाप द्यायला निघालेल्या दुसऱ्या एकाच्या तोंडून देवानं आशीर्वाद काढला. तुम्हाला मी शास्त्र काय शिकवणार?"

शंकररावांना शास्त्रातली ती दोन्ही ठिकाणं तोंडपाठ होती. हॉलमध्ये हालेलुयाचा एकच गजर झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुसरं कुणी अन्य भाषेत बोललं असतं तर चार जणांनी शंका काढली असती. शंकररावांच्या तोंडून आल्यावर शंका कोण काढणार?

त्या दिवसापासून करुणानं दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. कार्ड तिनं ट्रंकेच्या तळाशी टाकलं. बाळाची झबली धुऊन वाळत घालायची, गुणगुणायची. शंकररावांनी हात जोडले, चिडले, तेलुगूत आकडे कागदावर लिहून दाखवले. ती समजुतीनं हसायची. "मामा, तुम्ही फसवायला गेलात हे खरंच आहे. पण तिनं नाही ना फसवलं?"

डॉक्टरीणबाईंनी सुदामला बोलावून स्पष्ट सांगितलं की कळा सुरू झाल्यावर उशीर केलात तर दोघंही हाताला लागणार नाहीत. सुदाम घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. "बाबा, तिला उचलून नेलं आणि बाळाला काही झालं, तर ती जन्मभर मला खुनी म्हणेल," एवढंच म्हणाला. शंकररावांना जेवण जाईना. रोज सकाळी ते सुनेच्या पोटाकडे पाहत आणि मान खाली घालत.

सभेनंतर अकराव्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. पाणी गेलं. कौसाबाईनं पोटावर हात फिरवून पाहिलं आणि तिचा रंगच उडाला. मूल तसंच आडवं. सुदाम रिक्षा घेऊन आला, पण करुणानं खाटेची पट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवली. "लोखंड नको," एवढंच ती किंचाळत होती. "मामा, तुमच्याच तोंडून आलंय ना!"

देवाच्या नावानं जो खोटं बोलेल त्याची गत काय, हे शंकररावांनी कितीदा मंडळीला वाचून दाखवलं होतं. ते खाटेशी गुडघ्यांवर बसले. हात वर केले.

"ओकटी, रेंडु, मूडु..."

करुणा गप्प झाली. कौसाबाईनं चटकन नवऱ्याकडे पाहिलं. सोलापूरची बाई ती, तिला शब्द न् शब्द कळत होता. शंकरराव घामानं निथळत वीसपर्यंत आले आणि मग मराठीत बोलले, बनूबाईच्याच सुरात.

"प्रभू म्हणतो, लोखंड धरणारा हात मी धरला आहे. ऊठ, मुली, जा. आजच्या आज जा."

करुणानं सासूकडे पाहिलं. "आई, खरं का?"

कौसाबाईनं तिच्या कपाळावरचा घाम पुसला. "आमेन," ती म्हणाली.

करुणानं पट्टी सोडली.

संध्याकाळी सहाला मुलगी झाली. दोघी वाचल्या. सुदाम दवाखान्याच्या पायऱ्यांवर लहान मुलासारखा रडला. शंकररावही रडले. घरी आल्यावर कौसाबाईनं ताट वाढलं आणि विचारलं, "आता काय सांगणार लोकांना?" त्यांनी मान हलवली. खरं सांगितलं तर करुणाचा जीव कशावर वाचला, तेच तिच्या हातून काढून घ्यायचं. ती ओली बाळंतीण, टाके ताजे.

म्हणून ते गप्प राहिले, आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला. अंबरनाथहून बदलापूर गावापर्यंत बातमी गेली. लोखंड नको असाही संदेश त्यांचा, लोखंड चालेल असाही त्यांचाच, आणि दोन्ही खरे! रविवारी दारात चपलांचा ढीग पडू लागला. शंकरराव सगळ्यांना एकच सांगत, "डॉक्टरकडे जा." लोक मान डोलवून बसून राहत.

तिसऱ्या रविवारी वांगणीची एक बाई आली. मांडीवर पाच वर्षांची मुलगी, मान कलती, तोंडातून लाळ. मुलीला फिट्स येत. बाईच्या हातात गोळ्यांची पुडी होती. "दोन वर्षं देतेय," ती म्हणाली. "द्यायच्या का थांबवायच्या, तेवढं विचारून सांगा."

"द्यायच्या," शंकरराव घाईनं म्हणाले. "एकही चुकवायची नाही."

"हे तर डॉक्टरपण सांगतो. तुम्ही त्या भाषेत विचारा ना."

"ती भाषा नाही, बाई! ते आकडे आहेत! मला काही येत नाही. ते दान संपलं, कधीच संपलं!" त्यांचा आवाज फाटला. आतल्या खोलीत करुणा बाळाला थोपटत होती, तिचं थोपटणं थांबलं.

कोपऱ्यातून बनूबाई उठली. ती कधी येऊन बसली होती कुणास ठाऊक. ती शंकररावांच्या शेजारी येऊन बसली, पदर डोक्यावर घेतला आणि बाईकडे पाहून हसली.

"बोलला प्रभू यांच्या तोंडून," ती म्हणाली. "काय म्हणाला ते मी सांगते तुला."

शंकररावांनी पुडीकडे हात पुढे केला. वांगणीच्या बाईनं तो हात हलकेच बाजूला सारला आणि गोळ्या बनूबाईच्या ओटीत टाकल्या.