मध खाणाऱ्याचे नाव

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझे नाव मेद्वेदि. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी युरोपच्या पूर्वेकडच्या रानात राहणाऱ्या स्लाव लोकांच्या तोंडी मी होतो. तेव्हा मला कोणी लिहून ठेवले नाही. पुढे विद्वानांनी माझ्या मुलांचे, म्हणजे माझ्यापासून झालेल्या शब्दांचे, चेहरे जुळवून माझा चेहरा काढला. अशा न लिहिलेल्या शब्दाआधी ते एक चांदणी काढतात. ती मी मिरवतो.

जाणकार सांगतात, त्या लोकांनी अस्वलाचे खरे नाव भीतीने टाकले. नाव घेतले की ते येईल, असे त्यांना वाटे. मग 'मेदु' म्हणजे मध आणि 'एद' म्हणजे खाणे, यांतून त्यांनी मला घडवले. मध खाणारा! उकाराचा व झाला, तुमच्या संधीत होतो तसाच. मी पुल्लिंगी, इकारान्त. सात विभक्ती आणि तीन वचने मी अंगावर वागवली. आज रशियात, पोलंडात माझी मुले सुखाने नांदतात.

परवा मेढ्याच्या राजेश्वरीने मला वहीत लिहून घरी आणले. सांगलीच्या कॉलेजात तिला माझ्यावर बोलायचे होते. तिन्हीसांजेला ओट्यावर बसून ती मोठ्याने पाठ करू लागली, "अस्वल म्हणजे..."

तिची आजी मनुबाई चुलीपुढून धावत आली. "गप गं! तुजा आजा मधाला वर रानात गेलाय, आजून आला न्हाई. आन् तू नाव घिऊन बलिवतीस व्हय?"

"आगं आजी, नाव घेतल्यानं कुठं येतंय ते?"

"तुज्या पुस्तकात येत नसंल. हितं केसाळ म्हनायचं!"

राजेश्वरी हसली. पण अंधारून आले तरी ज्ञानू आजा दिसेना. तिने वही मिटली. ते नाव आता तिच्याही तोंडून निघेना.

शेवटी पायरीवर काठी वाजली. आज्याची मधाची किटली रिकामी होती.

"आवं, जीव टांगनीला लावलासा की!" मनुबाई ओरडली.

"काय करू? पोळ्यापाशी मधखाऊ बसला हुता. म्हनलं, खा बाबा आदी तूच. आन् लांबच्या वाटंनं आलो."

मधखाऊ! मित्रांनो, माझा ऊर भरून आला. ज्या म्हाताऱ्याने स्लाव माणूस कधी पाहिला नाही, त्याने रानातून येता येता मला पुन्हा घडवले होते.

राजेश्वरीने वही उघडून माझ्या खाली लिहिले, 'मधखाऊ. ज्ञानू आजा, मेढा.' त्याच्याआधी तिने चांदणी काढली नाही. गरजच नव्हती, तो वेळेवर लिहिला गेला होता.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांचे शब्दही असेच जपा, ते बोलत आहेत तोवर. माझ्या चांदणीचा मला अभिमान आहेच. पण माझ्या या धाकट्या भावाला ती लागली नाही, याचा त्याहून जास्त आहे.