शेवटची खेप

"लाइन कुणी थांबवली?" मोठे साहेब जिना उतरता उतरताच ओरडले.

"मी." लाल बटणावरचा हात तिने अजून काढला नव्हता.

चाचणीच्या टेबलाशी पिवळा रोबो उभा होता. इस्पितळांसाठी बनवलेला, रुग्णाला अलगद उचलून खाटेवर ठेवणारा. टेबलाच्या वर पसरलेल्या त्याच्या बाहूंवर आत्ता माणसाच्या वजनाची वाळूची गोणी होती. वीज गेली तरी बाहू आहे तिथेच धरून ठेवायचे, हे खांद्यातल्या ब्रेकचं काम. सकाळी बाहू किंचित खाली आले होते. एकदाच. नंतर कितीदा करून पाहिलं, पण जागचे हलले नव्हते.

"एकदा घसरला म्हणून सगळा माल अडवायचा? अगं, ट्रक दारात उभा आहे!"

"सगळ्यांत हेच ब्रेक आहेत, साहेब. उघडून बघायला हवेत."

प्रॉडक्शन इंजिनिअर म्हणून ती साहेबांच्याच हाताखाली तयार झाली होती. नुसत्या आवाजावरून बेअरिंगचं दुखणं ओळखायला त्यांनीच शिकवलं. या महिन्यात ते निवृत्त होणार होते. उशिरा गेलेला माल त्यांच्या नावावर आजवर नव्हता.

"ब्रेक मी निवडलेत," ते आवाज उतरवून म्हणाले. "माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. ब्रेकवर नाही."

शेजारी उभा असलेला फिटर मान खाली घालून उगाच पाना पुसत राहिला. साहेबांनी बाही वर सारली आणि आपला हात गोणीखाली, टेबलावर आडवा ठेवला.

"बंद कर वीज."

"साहेब, नको ना."

"बंद कर म्हणतोय!"

ती हलली नाही. तेव्हा त्यांनीच दुसऱ्या हाताने खटका ओढला.

क्षणभर काहीच झालं नाही. साहेब हसले. "बघितलंस? उगाच आपलं..."

रोबोच्या खांद्यात बारीक कुरकुर झाली. तिने त्यांचा दंड धरून जीव खाऊन मागे खेचलं. धाडकन गोणी टेबलावर आदळली. टेबलाच्या पत्र्याला पोचा पडला.

मग साहेबांनी मालकांना फोन लावला.

"माल आज निघणार नाही... नाही, नाही, तिला काही बोलू नका. ब्रेक मी निवडले होते."

ट्रक रिकामाच परत गेला. साहेब स्टूल ओढून बसले आणि स्वतःच खांद्याचं झाकण उघडायला लागले. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. फिटर पुढे सरसावला. तिने त्याला डोळ्यांनीच अडवलं, आणि दिवा जरा जवळ धरला.