पिवळ्या जोडीतला डावा

मित्रांनो, मी जाड पिवळ्या चामड्याचा हातमोजा आहे. जुना, डाव्या हाताचा. माझा उजवा जोडीदार आता नाही. स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात, स्टोअरच्या खिडकीवर मला खिळ्याने ठोकले आहे.

शिलाईच्या एका लांब टेबलावर मला ठिणग्यांसाठी शिवले. आत सुती अस्तर, मनगटावर वीतभर बाही. दोन वर्षे मी वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रींच्या हातात होतो. ठिणग्या माझ्यावर पडत आणि विझत. "घरच्यांनी नाही इतकं यानं मला सांभाळलंय," असे मिस्त्री सांगत. संध्याकाळी आमची जोडी स्टोअरमध्ये जमा होई.

त्याच कारखान्यात आक्का ॲसिडच्या हौदावर कामाला होती. वेल्डिंगने काळवंडलेले पत्रे ती तारेला अडकवून हौदात बुडवी, मग पाण्याने धुई. शेवटी मोजे काढून डाव्या हाताची दोन बोटे वेल्डिंगच्या जोडावरून फिरवी आणि एकच शब्द बोले, "साफ," नाहीतर "परत." त्यावर कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. त्या दोन बोटांवरच तिची नोकरी होती.

तिचे रबरी मोजेही पिवळेच असत. म्हणून खिडकीशी ती वर्षानुवर्षे एवढेच म्हणे, "पिवळे." जुन्या स्टोअरवाल्याला ते पुरत असे. मग तो निवृत्त झाला. त्याच महिन्यात रबरी मोजे हिरवे आले.

त्या दिवशी मिस्त्री रजेवर होते. आक्काचा मोजा अंगठ्याशी फाटला होता. हौदाजवळ पत्र्यांची रांग लागली होती.

"पिवळे द्या हो," ती म्हणाली.

नव्या स्टोअरवाल्याने आम्हाला पुढे सरकवले.

"अहो, हे तर चामड्याचे."

"पिवळेच मागितलेत ना, आक्का? चांगले जाड आहेत. यातनं आग जात नाही, तिथं ॲसिडचं काय घेऊन बसलात!"

ती हसली. काम खोळंबले होते. तिने आम्हाला घातले.

तार ती डाव्या हाताने धरत असे. ॲसिड माझ्या शिवणीतून आत आले. मी ते अडवले नाही, शोषून घेतले. अस्तराने ते तिच्या बोटांशी धरून ठेवले. ते ॲसिड लगेच झोंबत नाही. चार तास ती काम करत राहिली. घरी पोचल्यावर तिची बोटे ठणकू लागली.

बोटांच्या जखमा भरल्यावर, दीड महिन्याने ती परत आली. तिने एक पत्रा धुतला, मोजे काढले आणि दोन बोटे जोडावरून फिरवली.

"साफ."

मिस्त्रींनी तिथेच हात फिरवला. त्यांच्या तळव्याला खरखर लागली. आक्काने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग पुन्हा बोटे फिरवली, हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मिस्त्री, मला काही लागतच नाही हो," ती म्हणाली.

हौदावर दुसरी बाई आली. आक्काला स्टोअरच्या खिडकीत बसवले. माझा उजवा जोडीदार कचऱ्यात गेला. मला तिने स्वतः धुतले, वाळवले आणि इथे ठोकले.

आता या खिडकीत रंग सांगून मोजा मिळत नाही.

"आक्का, हिरवे दे."

"रंग राहू दे. हात कशात घालायचाय?"

"पत्रा कापायचाय."

"मग हे घे, धार न लागणारे. आणि तू रे?"

"ड्रिलवर."

"मोजाच नाही मिळायचा. फिरतं यंत्र मोज्यासकट हात ओढून नेतं. जा, बाह्या वर कर."

"भलतीच कडक झालीस गं तू!"

"झाले. पुढचा कोण?"

मित्रांनो, मी वाईट मोजा नव्हतो. ठिणग्यांपुढे मी कधी हरलो नाही. मोजा घालण्याआधी तो कशासाठी शिवला आहे एवढे विचारा. विचारायला जेमतेम एक श्वास लागतो.

रोज सकाळी खिडकी उघडली की आक्का तिची दोन बोटे माझ्या बोटांवर दाबते. थोडा वेळ वाट पाहते. मग हात काढून घेते आणि कामाला लागते.