मुग्धरावांची एक ओळ

कचेरीत त्यांना मुग्धराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी घाम न गाळता कमावलं होतं. तीस वर्षं ते पेपरात सभा-समारंभांच्या बातम्या लिहीत होते, आणि त्यांच्या बातमीत साधा श्रोता कधी आलाच नाही. गाण्याला श्रोते मंत्रमुग्ध, भाषणाला मंत्रमुग्ध. गटाराच्या नळांवर कोणी दोन तास बोललं, तर तिथेही सभागृह मंत्रमुग्ध. एका शोकसभेतही त्यांनी हा शब्द घातला, तर मयताचा थोरला मुलगा आभार मानायला आला. कार्यक्रम अकराचा असला की मुग्धरावांची बातमी साडेदहालाच तयार. पुढेपुढे तर ते रजेवर असले की उपसंपादक त्यांचं वाक्य आपणच डकवून द्यायचा.

त्यांची लेक व्हायोलिन वाजवायची. तिला बँकेत नोकरी लागत होती. सोमवारी होकार कळवायचा होता, आणि रविवारी सकाळी तिचा पहिला जाहीर कार्यक्रम. आईचं मत नोकरीकडे. लेक म्हणाली, बाबा सांगतील तसं. पण तोंडी नको, तोंडी ते माझ्या पाणचट चहालाही वाहवा देतात.

"बाबा, छापून सांगा. फक्त तो शब्द नको. तो दिसला की मी समजेन, बातमी तुम्ही घरूनच लिहून नेली होती."

त्या रविवारी मुग्धराव कोऱ्या कागदानिशी गेले. लेकीने गज तारांवर टेकवला आणि पुढच्या रांगेतला खोकणारा खोकायचं विसरला. सभागृह रिकामं झालं तरी हे बसलेलेच. शेवटी झाडूवाल्याने पाय वर घ्यायला सांगितले.

कचेरीत तासभर कागदाकडे बघून त्यांनी एकच ओळ लिहिली : 'वाजवणं संपलं आणि मला खुर्चीवरून उठता येईना.' ती उपसंपादकाकडे देऊन ते घरी गेले.

उपसंपादक माणूस भला. त्याने वाचलं आणि तो हळहळला. म्हातारा बातमीच्या जागी गुडघ्याची तक्रार लिहून गेला होता! त्याने कागद टोपलीत टाकला, मुग्धरावांच्याच थाटात चार ओळी रचल्या आणि वर त्यांचं नाव घातलं.

सोमवारी लेकीने पेपर वाचला, घडी घातली आणि बँकेच्या पत्रावर सही केली. मुग्धराव एका दमात सगळं सांगू लागले. खुर्ची, झाडूवाला, ती एक ओळ.

"खरंच गं, मला उठताच येईना."

"छान जमलंय," पेनाला टोपण लावत ती म्हणाली, "हेही आधीच लिहून ठेवलं होतं का?"